चार डिस्कची रेड ५, दोन बाहेर पडल्या: ॲरे परत कसा उभा करायचा

प्रश्न थोडक्यात असा. छापखान्याच्या ऑफिसात डेबियनचा सर्व्हर आहे. त्यात चार-चार टेराबाइटच्या चार डिस्क, लिनक्सच्या एमडीवर (डिस्क एकत्र बांधायच्या सोयीवर) बांधलेली रेड ५, म्हणजे डेटा आणि गेलेला भाग परत काढायचा हिशेब (पॅरिटी) चारही डिस्कवर वाटून ठेवणारा एकच संच (ॲरे), आणि वर थेट ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. सोमवारी सकाळी कुणालाच शेअर उघडेना. रीबूट केल्यावर /प्रॉक/एमडीस्टॅटमध्ये ॲरे ‘इनॅक्टिव्ह’ दिसतो आणि चारही डिस्कपुढे कंसात ‘एस’, म्हणजे स्पेअर (राखीव डिस्क). ओळखीच्या एकाने सांगितलं की त्याच चार डिस्क देऊन एमडीएडीएमने (एमडीचे ॲरे हाताळायच्या आदेशाने) पुन्हा ‘क्रिएट’ मारा, जुना ॲरे आपोआप ओळखला जाईल. बॅकअप आहे, पण दिवाळीच्या आधीचा. चारही डिस्कचं एमडीएडीएमच्या ‘एक्झॅमिन’चं आउटपुट, म्हणजे प्रत्येक डिस्कवरची ॲरेची नोंद, सोबत दिलं आहे.

आधी निकाल सांगतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून डेटा जवळजवळ सगळा परत येईल असं दिसतंय. ‘क्रिएट’ मात्र अजिबात मारू नका. ते का, हे पुढे येईलच.

चारही डिस्कपुढे ‘एस’ आहे म्हणून घाबरू नका. ॲरे चालू करण्याइतक्या डिस्क जमल्या नाहीत की एमडी मिळाल्या तेवढ्या धरून नुसता बसून राहतो आणि सगळ्यांपुढे ‘एस’ लावतो. त्या खरोखर स्पेअर झालेल्या नसतात. कोणती डिस्क कोणत्या जागेवरची, हे तिच्या सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या ॲरेच्या नोंदीत) लिहिलेलं असतं आणि तुमच्या चारही डिस्कचे सुपरब्लॉक शाबूत आहेत.

त्या लांबलचक आउटपुटमधल्या तीनच ओळी महत्त्वाच्या: इव्हेंट्स (ॲरेची नोंद किती वेळा बदलली तो आकडा), अपडेट टाइम आणि ॲरे स्टेट. तुमच्या त्या अशा आहेत (एसडीबी ते एसडीई ही लिनक्सने चार डिस्कना दिलेली नावं):

एसडीबी: इव्हेंट्स ४८२११, १२ मे पहाटे ३:४२, स्टेट ‘एए..’
एसडीसी: इव्हेंट्स ४८२११, १२ मे पहाटे ३:४२, स्टेट ‘एए..’
एसडीडी: इव्हेंट्स ४८२०७, १२ मे पहाटे ३:४१, स्टेट ‘एएए.’
एसडीई: इव्हेंट्स ३१९०४, १९ फेब्रुवारी, स्टेट ‘एएएए’

स्टेटमधलं ‘ए’ म्हणजे चालू, टिंब म्हणजे गैरहजर. खालून वर वाचा. एसडीईच्या मते सगळं आलबेल आहे, चारही डिस्क हजर. कारण ती बाहेर काढली गेल्यावर तिच्यावर कुणी काही लिहिलंच नाही, त्यामुळे तिच्यापुरता १९ फेब्रुवारी अजून चालू आहे. एसडीडीला एसडीई गेल्याचं माहीत आहे, स्वतः गेल्याचं नाही. दोन्ही गेल्याचं फक्त एसडीबी आणि एसडीसीला माहीत आहे. म्हणजे तुमचा ॲरे सोमवारी पडलेला नाही. तो फेब्रुवारीपासून एका डिस्कविना लंगडत चालला होता आणि सोमवारी पहाटे दुसरी गेली.

आता इव्हेंट्सच्या फरकाकडे बघा, सगळा निर्णय त्यावर आहे. रेड ५ एक डिस्क गेली तरी चालते, लिहिणंही चालू राहतं. म्हणून फेब्रुवारीपासूनच्या तीन महिन्यांत एसडीई सोळा हजारांवर इव्हेंट्सनी मागे पडली. पण दुसरी डिस्क गेल्यावर ॲरेवर काही लिहिताच येत नाही. एसडीडी गेल्याची नोंद बाकीच्या दोघींवर झाली आणि गाडी तिथेच थांबली. फरक फक्त चारचा. एसडीडीवरचा डेटा व्यवहारात ताजाच आहे. शेवटच्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी फाइल अर्धवट असेल, तेवढंच.

तेव्हा जोडायच्या डिस्क तीन: बी, सी आणि डी. एसडीई या खेळात नाही. ही गोष्ट ठासून सांगतो, कारण नेमका उलटा मोह होतो. एसडीडीला रीड एरर आहेत आणि एसडीई स्मार्टमध्ये (डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) ठणठणीत दिसते, मग ‘चांगली’ डिस्क का घेऊ नये? एसडीई म्हणजे फेब्रुवारीत बंद झालेली खतावणी आहे. तिची पानं मेच्या खतावणीत शिवली तर बेरीज जुळणार नाही, आणि कुठली पानं जुनी तेही कळणार नाही. बी, सी आणि ई मिळून ॲरे चालू होईलही, माउंटही होईल. पण फेब्रुवारीनंतर ज्या ज्या स्ट्राइपवर (सगळ्या डिस्कवरच्या एका ओळीतल्या तुकड्यांवर) लिहिलं गेलं, तिथे जुन्या आणि नव्या तुकड्यांची खिचडी होईल. त्यावर एफएससीके (फाइलसिस्टिमची तपासणी-दुरुस्ती) चालवलं की ती खिचडी कायमची पक्की झाली.

एसडीडी का गेली असावी, हे तुमच्या कर्नल लॉगवरून कळतं. वाचताना अडकली, लिंक रिसेट झाली, पुन्हा अडकली, मग बाहेर. स्मार्टमधला १९७ क्रमांकाचा ॲट्रिब्यूट, म्हणजे पेंडिंग (वाचता न आलेले) सेक्टर, २४ आहे. १९९, म्हणजे सीआरसी एरर, शून्य आहे, त्यामुळे केबलवर फारसा संशय नको. साध्या डेस्कटॉप डिस्कचा हा नेहमीचा आजार आहे. खराब सेक्टर लागला की अशी डिस्क स्वतःच दोन-दोन मिनिटं झगडत बसते. कर्नल मात्र मुळात ३० सेकंदच वाट बघतो आणि मग डिस्क मेली असं धरून चालतो. चोवीस सेक्टरसाठी चार टेराबाइट बाहेर. म्हणजे डिस्क मेलेली नाही, आजारी आहे. हे बरं, पण तिच्यावरच पुढचं सगळं काम करणं बरं नव्हे.

कामाला लागण्यापूर्वी सर्व्हर बंद करा आणि प्रत्येक डिस्कवरचा सीरियल नंबर कागदावर लिहून घ्या. एसडीबी, एसडीसी ही नावं बूट होताना पडतात. एक डिस्क काढली, दुसरी लावली की अक्षरं सरकतात. पुढचं सगळं सीरियल नंबरवर चालवा. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरात तीच नावं मिळतात. एक्झॅमिनचं आउटपुट आणि कर्नल लॉग पेनड्राइव्हवर ठेवा. उद्या काही बिघडलंच तर ॲरे मुळात कसा होता याचा तो एकमेव पुरावा आहे.

मग चार टेराबाइटची नवी डिस्क आणा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने एसडीडीची अख्खी नक्कल करा. साधं डीडी वापरू नका, ते पहिल्याच एररला थांबतं. डीडीरेस्क्यूला मॅपफाइल द्यायला विसरू नका. कुठला भाग वाचला, कुठला राहिला हे ती लक्षात ठेवते. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. (यूपीएसची बॅटरी या कामाआधी तपासून घ्याच. मे महिना आहे.) पहिल्या फेरीत ‘नो स्क्रेप’ हा पर्याय द्या, म्हणजे सहज वाचता येतो तो सगळा भाग आधी पदरात पडतो. दुसऱ्या फेरीत डायरेक्ट ॲक्सेस आणि तीन रीट्राय देऊन उरलेल्या सेक्टरांवर जोर लावा. सेकंदाला १५० मेगाबाइट धरले तरी एका डिस्कला साडेसात तास लागतात, आणि शेवटचे हट्टी सेक्टर स्वतंत्र वेळ खातात. नक्कल चालू असताना डिस्कमधून खटखट आवाज यायला लागला, तर तिथेच थांबा. तो हेडचा आवाज असतो आणि त्यानंतर प्रत्येक फेरी प्लॅटरवर ओरखडे काढू शकते. क्लीन रूम असलेल्या लॅबचं काम ते, आपलं नाही.

नव्या डिस्कच्या आकाराबद्दल एक सांगतो. तुमचं मेटाडेटा व्हर्जन १.२ आहे, म्हणजे सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून चार किलोबाइटवर आहे. त्यामुळे नवी डिस्क सहा किंवा आठ टेराबाइटची असली तरी चालेल. जुन्या ०.९० आणि १.० मध्ये सुपरब्लॉक शेवटाकडे असतो. अख्खी डिस्कच ॲरेत घेतलेली असेल आणि तिची नक्कल मोठ्या डिस्कवर केली, तर तो सापडतच नाही आणि माणूस उगाच हवालदिल होतो. आकाराने लहान डिस्क मात्र कधीच चालत नाही. चार टेराबाइटच्या डिस्कवर बहुतेक ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात. नवी आणल्यावर आकडा जुळतो का ते बघा.

नक्कल झाली की मूळ एसडीडी काढून बाजूला ठेवा. नक्कल आणि मूळ या दोन्हींचा सुपरब्लॉक हुबेहूब सारखा आहे. दोन्ही एकाच वेळी मशीनवर असल्या तर एमडीएडीएम कुठली उचलेल याचा भरवसा नाही. एसडीईसुद्धा काढा.

आता ज्या पायरीला लोक कंटाळा करतात ती. डिस्कवर काहीही न लिहिता ॲरे जोडून बघायची सोय लिनक्समध्ये आहे: डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट, बोलीभाषेत ओव्हरले. प्रत्येक डिस्कसाठी दुसऱ्या कुठल्या तरी डिस्कवर ‘ट्रंकेट’ने पन्नासेक जीबीची पोकळ फाइल करायची, ती ‘लॉसेटअप’ने लूप डिव्हाइस म्हणून लावायची आणि ‘डीएमसेटअप’ने मूळ डिस्क व ही फाइल मिळून एक स्नॅपशॉट डिव्हाइस बनवायचं. वाचलं की मूळ डिस्कवरून येतं, लिहिलं की फाइलीत जातं. फाइल पोकळ असल्यामुळे लिहिलं जाईल तेवढीच जागा व्यापते. प्रयोग फसला तर स्नॅपशॉट मोडा, फाइल पुसा, पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यानंतर तुम्ही कितीही चुका करायला मोकळे. तीनच डिस्क, तीनच ओव्हरले.

जोडण्याआधी /प्रॉक/एमडीस्टॅट पुन्हा एकदा बघा. बूट होताना सिस्टिमने स्वतःहून अर्धवट ॲरे धरून ठेवला असेल तर ‘स्टॉप’ देऊन तो सोडवा, नाहीतर ‘डिव्हाइस बिझी’ येत राहील. मग एमडीएडीएमला ‘असेंबल’ आणि ‘फोर्स’ हे पर्याय, ॲरेचं नाव आणि त्यापुढे तिन्ही ओव्हरलेंची नावं स्वतः टाइप करून द्या. ‘स्कॅन’ वापरू नका. काय जोडायचं ते आपण सांगायचं, त्याने शोधायचं नाही. ‘फोर्स’मुळे एसडीडीच्या नकलेचे इव्हेंट्स ४८२०७ वरून ४८२११ ला आणले जातात आणि ॲरे तीन डिस्कवर चालू होतो. एमडीस्टॅटमध्ये चार पैकी तीन आणि ‘यूयूयू_’ दिसलं की अर्धी लढाई जिंकली.

लगेच नुसतं माउंट करू नका. ईएक्सटी४ साध्या रीड ओन्लीमध्येही जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची वही) रीप्ले करते, म्हणजे लिहिते. ‘आरओ’सोबत ‘नोलोड’ द्या. ओव्हरले असल्यामुळे लिहिलं गेलं तरी मूळ डिस्कला धक्का नाही, पण पहिल्या नजरेला काहीही न बदललेलं चित्र दिसलेलं बरं. जर्नल लागू न केल्यामुळे एखाददुसरी फाइल विचित्र दिसू शकते. ‘एफएससीके’ आधी ‘एन’ पर्यायाने चालवा, तो नुसत्या तक्रारी वाचून दाखवतो. पाच-पन्नास किरकोळ तक्रारी असतील तर ओव्हरलेवरच खरं एफएससीके चालवून बघा. हजारोंनी तक्रारी ओघळायला लागल्या, तर थांबा. याचा अर्थ फाइलसिस्टिम बिघडली असा सहसा नसतो. डिस्क चुकीच्या जोडल्या गेल्या, असा असतो.

फोल्डर दिसले म्हणजे झालं असं मात्र समजू नका. तुमचा चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग पडणारा तुकडा, ५१२ किलोबाइटचा आहे आणि चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एका स्ट्राइपमध्ये डेटाचे तीन चंक, म्हणजे दीड मेगाबाइट. एखादं छोटं इन्व्हॉइस अख्खं एकाच डिस्कवर मावतं, ते उघडलं तरी काहीच सिद्ध होत नाही. तपासायचं ते दीड मेगाबाइटपेक्षा बऱ्याच मोठ्या फाइलवर, म्हणजे सगळ्या डिस्कवरून तुकडे यावेच लागतील. छापखान्यात अशा फाइलींना तोटा नाही: चारशे मेगाबाइटची एखादी टिफ उघडा आणि खालपर्यंत स्क्रोल करा. झिप फाइली असतील तर ‘अनझिप’चा टेस्ट पर्याय चालवा, तो चेकसम तपासतो. मे महिन्यातल्या फाइली आधी घ्या. फेब्रुवारीआधीच्या नीट आणि नंतरच्या फुटलेल्या असं चित्र दिसलं, तर कुठून तरी एसडीई आत शिरली आहे.

राहिले ते न वाचलेले सेक्टर. डीडीरेस्क्यूच्या दोन्ही फेऱ्यांनंतर चोवीसपैकी काही वाचले जातील, काही नाहीच. तुमच्या ॲरेत चौथी डिस्क नसल्यामुळे पॅरिटीवरून ते परत मिळवता येत नाहीत, आणि नुकसान वाटतं त्यापेक्षा थोडं जास्त असतं. त्या स्ट्राइपची पॅरिटी एसडीबी किंवा एसडीसीवर असेल, तर एसडीडीचा सेक्टर तर गेलाच, शिवाय त्याच्यावरून काढायचा एसडीईचा सेक्टरही गेला: एकाच्या जागी दोन. पॅरिटी एसडीई किंवा एसडीडीवर असेल तर एकावरच भागतं. कुठल्या फाइलींना फटका बसला हे शोधायला एक युक्ती आहे. डीडीरेस्क्यूच्या ‘फिल मोड’ने नकलेतल्या न वाचलेल्या जागांवर ओळखता येईल असा एखादा मजकूर भरून घ्या आणि ॲरे उभा झाल्यावर सगळ्या फाइलींत तो ‘ग्रेप’ने शोधा. हे ओव्हरले लावण्याआधी करायचं, आणि मॅपफाइलची प्रत बाजूला ठेवून करायचं. युक्ती पूर्ण नाही, कारण एसडीईचा जो भाग हिशेबाने काढला जातो, तिथे तुमचा मजकूर इतर डिस्कच्या डेटात मिसळून ओळखू न येणारा होतो. तरी बऱ्याच फाइली सापडतात. सापडलेल्या फाइली दिवाळीआधीच्या बॅकअपमध्ये असतील तर तिथून घ्या.

खूपच मोलाची एखादी फाइल अडकली, तर इथे मात्र एसडीईचा उपयोग आहे. त्या स्ट्राइपवर फेब्रुवारीनंतर कुणी लिहिलंच नसेल, तर एसडीईवरचा तो तुकडा आजही बरोबर आहे. बी, सी आणि ई यांच्या ओव्हरलेवर वेगळा ॲरे जोडायचा आणि तेवढी एक फाइल तिथून वाचायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही.

आता त्या ‘क्रिएट’बद्दल. तो आदेश जुना ॲरे ओळखत नाही, जुन्या सुपरब्लॉकवर नवा लिहितो. क्रम, चंक, लेआउट, डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो ते) ही सगळी माहिती तेव्हाच पुसली जाते. रेड ५ साठी तर तो शेवटच्या डिस्कला स्पेअर धरून तिच्यावर लगेच रीबिल्ड सुरू करतो, म्हणजे हातात धड असलेली डिस्क तासाभरात खराब. तो थांबवायला ‘अझ्यूम क्लीन’ नावाचा पर्याय आहे. पण त्यानंतरही आकडे जुळावे लागतात. एमडीएडीएमच्या ३.१ आवृत्तीपासून चंक मुळात ५१२ किलोबाइट झाला, त्याआधी तो ६४ होता. डेटा ऑफसेटही जुन्या आवृत्त्यांत एक मेगाबाइटच्या आसपास असायचा, नंतरच्यांत १२८ मेगाबाइटपर्यंत गेला. जुन्या सर्व्हरचा ॲरे नव्या लाइव्ह सीडीवरून ‘क्रिएट’ केला, की डेटा चुकीच्या जागेवरून वाचला जातो आणि लोक म्हणतात की काहीच उरलं नाही. असतं तिथेच सगळं. आधीच कुणी ‘क्रिएट’ मारून बसला असेल तर त्याने जुन्या एक्झॅमिनमधला ऑफसेट, चंक आणि क्रम सक्तीने देऊन, गैरहजर डिस्कच्या जागी ‘मिसिंग’ लिहून, ओव्हरलेवर पुन्हा क्रिएट करून बघावं. आउटपुट जपून ठेवलं नसेल तर तासन्‌तास अंदाज बांधत बसणं आलं.

‘ॲड’ही त्याच माळेतला. बाहेर पडलेली डिस्क परत घ्यायला लोक सरळ ‘ॲड’ मारतात आणि ती खरोखरची स्पेअर होते, जागेचा क्रमांक जातो. तुम्ही तसं केलं नाहीत हे फार चांगलं झालं.

सगळं नीट दिसलं तरी जुन्याच डिस्कवर रीबिल्ड करू नका. एसडीबी आणि एसडीसी एसडीडीच्याच वयाच्या आहेत, आणि रीबिल्डमध्ये त्यांचा प्रत्येक सेक्टर वाचला जाणार. साध्या डिस्कच्या पत्रकात वाचता न येणाऱ्या चुकीचं प्रमाण दहाच्या चौदाव्या घाताला एक बिट असं दिलेलं असतं, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइट वाचल्यावर एक. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण एक आजारी निघालीच आहे. ओव्हरलेवरचा ॲरे रीड ओन्ली माउंट ठेवून आरसिंकने डेटा दुसऱ्या मशीनवर किंवा दोन बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आधी चालू कामं आणि हिशेब, मग जुनं अर्काइव्ह.

मग नवा ॲरे. चारच डिस्क ठेवायच्या असतील तर रेड ६ घ्या, आठ टेराबाइट मिळतील आणि दोन डिस्क गेल्या तरी चालेल. डिस्क घेताना एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली) नाही ना हे मॉडेल क्रमांकावरून तपासा. अशा डिस्क रीबिल्डमध्ये रडवतात. बसवल्यावर ‘स्मार्टसीटीएल’ने एससीटी ईआरसी (खराब सेक्टरशी डिस्कने किती वेळ झगडायचं ती मर्यादा) सात सेकंदांवर लावा. आकडा डेसिसेकंदात द्यायचा असतो, म्हणून वाचणं आणि लिहिणं दोन्हीकडे ७०. बऱ्याच डिस्कवर ते पॉवर जाताच विसरलं जातं, तेव्हा बूट स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्क ईआरसी घेतच नसेल तर उलट कर्नलचा टाइमआउट १८० सेकंदांवर न्या.

फेब्रुवारीत डिस्क गेली तेव्हा तुमच्या मशीनने मेल पाठवलाच असणार. तो रूटच्या मेलबॉक्समध्ये पडून असेल, /व्हार/मेल उघडून बघा. नव्या सर्व्हरवर एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये ‘मेलॲडर’समोर तुम्ही रोज बघता तो पत्ता द्या आणि ‘मॉनिटर’ला ‘टेस्ट’, ‘वनशॉट’ आणि ‘स्कॅन’ देऊन एक चाचणीचा मेल येतो का बघा. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरेची तपासणी स्वतः चालवतो. कामात अडथळा नको म्हणून कुणी ती बंद केली असेल, तर चालू करा. लपलेले खराब सेक्टर तेव्हाच सापडतात आणि पॅरिटी असेतो दुरुस्तही होतात.

जुन्या चारही डिस्क, एसडीईसकट, नव्या ॲरेवर महिनाभर काम होऊन त्याचा बॅकअप एकदा परत उतरवून बघेपर्यंत पुसू नका. एसडीडीच्या नकलेची मॅपफाइल आली की इथे टाका. किती सेक्टर राहिले आणि ते कुठे आहेत यावरून फाइली शोधायला मदत करतो.